तेलाची भाकर

हैदरनं भज्यांचा पुडा माझ्यापुढं धरला तेव्हा मी नेहमीसारखा हात आडवा केला आणि म्हणालो, "न्हाई भाई, पथ्य हाय." हे वाक्य मी आजवर इतक्या जणांना ऐकवलं आहे की ते खोकल्यासारखं आपसूक बाहेर पडतं. हिंगोलीच्या ज्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, मी कापसाच्या गाड्यांची नोंद करतो तिथं मला नावानं कुणी ओळखत नाही. उकंडराव कोण म्हणून विचाराल तर हमालसुद्धा डोकं खाजवील, पण परहेजी मुनशी म्हटलं की कुणीही बोट दाखवील. लोक हसतात, पुडा मागं घेतात आणि विषय संपतो. हैदर हसला नाही. तो आखाडा बाळापुराहून कापसाची गाडी घेऊन आला होता, आणि मी त्याला ओळखलं ते त्याच्या बापाच्या नाकावरून. खाजा मियाचं नाक ज्यानं एकदा पाहिलं तो ते विसरत नाही. "कायचं पथ्य?" त्यानं विचारलं. मला मौजच वाटली. म्हटलं, "तुझ्या अब्बाचंच की. कुत्र्याच्या औषधाचं." तो भजं चावायचा थांबला. "वो तो अब्बाने उसी साल छुडाया ना," तो म्हणाला. "तुमची माय आली व्हती. जुमेरात व्हती. अब्बानी तेलाच्या भाकरीवर पढून दिलं. तेल मीच लावलं व्हतं, करडीचं. लेकाला पैला घास ह्याचा द्या म्हनले, मंग काय बी खाऊ द्या." मी म्हणालो, "अब्बा तर हजला गेले व्हते. तिकडंच राहिले." हैदरनं बोटांचं तेल लुंगीला पुसलं. "हज? अब्बा नांदेड के आगे कब्बी गये नैं, मुनशीजी. घरीच वारले, पाचसा वर्सं झाली." तेवढ्यात त्याच्या गाडीचा पुकारा झाला आणि पुडा माझ्या हातात कोंबून तो बैलांकडं पळाला.

मला राग आला, असं सांगायला आवडलं असतं. पण आधी आली ती भूक. हातातला कागद गरम होता, त्यातून तेल झिरपून माझ्या बोटांना लागत होतं, आणि मी वजनकाट्याच्या खांबाला टेकलो. आत यंत्रांची घरघर चालली होती, हवेत कापसाचे तंतू उडत होते, ते मिशीवर बसत होते. मी पुडा नाकाजवळ नेला. कांदा, बेसन, ओवा. हा वास मला परका नाही. मला सगळे वास ठाऊक आहेत, माझ्याइतके वास हिंगोलीत कुणाला ठाऊक नसतील. खाणाऱ्याचं लक्ष जिभेकडं असतं, मला बसल्या जागी नाकानंच जेवावं लागलं. दहा-अकरा वर्षं. एक भजं उचललं, तोंडापर्यंत नेलं, आणि हात थांबला. विष जागं होईल, असं कुणीतरी आत म्हणालं. त्या आवाजाला मी नीट ओळखतो, तो मायचा आवाज आहे. पुडा मी हमालांना देऊन टाकला. तेव्हा कुठं राग आला.

हट्ट्याला, आमच्या गावी, भादव्यात मला कुत्रं चावलं तेव्हा मी विशीत होतो. पोटरीला चावलं. ते पिसाळलेलं होतं की नुसतंच चिडलेलं, हे कुणाला कळलं नाही, कारण लोकांनी ते त्याच दुपारी काठ्यांनी मारून टाकलं. पुढं इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "कुत्रं नंतर किती दिवस जगलं?" मी घडलेलं सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे ज्याला विचारायचं त्यालाच तुम्ही मारलंत." पण त्या दिवशी असले विचार कुणाच्या मनात येणार? मायनं बैलगाडी जुंपायला लावली आणि मला बाळापुरला खाजा मियाच्या दारात नेऊन उभं केलं. खाजा मियाच्या घरात हे औषध पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. अल्लाच्या नावानं द्यायचं, कुणाकडून सुपारीसुद्धा घ्यायची नाही. कसलीशी मुळी उगाळून त्यानं गुळातून सकाळी रिकाम्या पोटी दिली, आणि मग पथ्य सांगितलं. तेल नाही, आंबट नाही, दूध-दही नाही, पालेभाजी नाही, वांगं नाही, उडीद नाही, मांसमटण तर नाहीच, मीठ नावाला. आणि अन्न एका हातचं. ज्या हातानं पथ्याचा पहिला स्वयंपाक केला त्याच हातचं, म्हणजे मायच्या, वेगळ्या भांड्यात, पथ्य सुटेपर्यंत. "उन्हाळा लागला की या, मी सोडवतो," तो मायला म्हणाला. पथ्य ज्यानं घातलं त्यानंच सोडवायचं, हा आमच्या मुलखातला कायदा आहे. निजामाचे कायदे मोडणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील, हा मोडणारा एकही भेटायचा नाही.

मी तरी कसा मोडणार होतो? आमच्या गावच्या लोहाराला मी लहानपणी मरताना पाहिलं होतं. त्यालाही कुत्रं चावलेलं, त्यालाही कुणीतरी पथ्य घातलं होतं, आणि पोळ्याच्या दिवशी त्यानं उडदाचे वडे खाल्ले. खाटेला बांधला होता त्याला. पाण्याचा तांब्या दिसला की अंगातलं सगळं बळ एकवटून मागं सरायचा, तोंडातून फेस आणि घशातून असा आवाज की बायका लेकरांचे कान झाकायच्या. वड्यांमुळं झालं, असं सगळा गाव म्हणाला. विष आत निजलेलं असतं, चुकीचं अन्न त्याला उठवतं. मला कुत्रं चावलं तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुण्याआधी मी तांब्यातल्या पाण्यात बघतो. भीती वाटते का, ते पाहतो. इतक्या वर्षांत पाण्याची भीती कधी वाटली नाही, पण भीती वाटेल याची भीती मात्र एकही सकाळ चुकली नाही. या भीतीपायीच मी बाळापुरला पुन्हा कधी गेलो नाही. मोटार जाते, ओळखीची माणसं जातात, पण जिथं ती मुळी उगाळली त्या उंबऱ्याची आठवण झाली तरी माझे पाय जड होत. आज वाटतं, एकदा गेलो असतो तर खाजा मिया अंगणात बसलेला दिसला असता.

माय मात्र बाळापुरला गेली होती. चैतात, एकटीच. तेवढ्यात मला इथल्या जिनात काम लागलं होतं आणि वैशाखातली लग्नतिथी धरलेली होती, म्हणून पथ्य सुटलं की बरं, असं तीच म्हणाली आणि पहाटे चालत निघाली. मला ती संध्याकाळ अजून दिसते. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ, कपाळाला घाम, आणि दारातच मटकन बसून ती म्हणाली, "खाजा मिया हजला गेला रे. तिकडंच मरायचं म्हनून गेला. आता सोडवनारा कोन?" आणि रडली. मी पाणी आणून दिलं. माझ्या धोतराच्या सोग्यानं तिचे डोळे पुसले आणि तिची समजूत घातली की माय, रडू नको, काय व्हतंय, आळणी खाऊन मानूस मरत न्हाई. तिच्या तोंडाला त्या वेळी करडीच्या तेलाचा वास आला होता का, हे मी काट्यापाशी उभा राहून आठवायचा प्रयत्न करत होतो. माझ्या नाकाची एवढी ख्याती, पण त्या संध्याकाळचा वास काही केल्या आठवला नाही.

लग्नात नवरा-नवरीनं नाव घेऊन एकमेकांना घास भरवायचा असतो. बायका जमल्या, चेष्टामस्करी झाली, आणि नीलानं, माझ्या बायकोनं, लाजत लाजत नाव घेऊन शिऱ्याचा घास माझ्या तोंडापाशी आणला. मी तोंड फिरवलं. मागून माय ओरडली, "त्येला पथ्य हाय, पोरी!" बायका चूप झाल्या. तो हात तसाच हवेत राहिला, हिरव्या बांगड्यांचा, कोवळा, शिऱ्याचं तूप मनगटापर्यंत ओघळलेलं. मग कुणीतरी म्हणालं, दे त्या लेकराला, आणि तो घास शेजारच्या कुठल्याशा पोराच्या तोंडात गेला. त्या पोराचा मला अजून राग येतो. तेव्हापासून माझ्या घरात दोन चुली आहेत. ओसरीवर मायची, आत नीलाची. गल्लीत नवं माणूस आलं की त्याला वाटतं सासूसुना वेगळ्या राहतात. मायच्या चुलीवर माझी भाकर, माझं बिनफोडणीचं मुगाचं वरण, माझा उकडलेला दोडका. नीलाच्या चुलीवर बाकीचं जग. लसणाची फोडणी पडली की मला कळतं आज अंबाडी आहे, तिळाची चटणी वाटली, हरभऱ्याचा कोवळा पाला आणून घोळाणा केला. पहिल्या वर्षी तिच्या भाज्या करपायच्या, दुसऱ्या वर्षी हात बसला, मुलगी झाली तेव्हापासून ती लसूण जास्त घालते. नवरा बायकोच्या हाताबद्दल याहून अधिक काय जाणतो? एक घास सोडला तर मला सगळं ठाऊक होतं.

मी चांगला मुलगा होतो, हे सगळे सांगतात. पथ्य पाळावं तर उकंडरावानं. लग्नकार्यात मी माझी भाकर फडक्यात बांधून नेतो आणि मांडवाच्या कडेला पाठमोरा बसून खातो. पण शरीराला कौतुक कळत नाही. आधी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग पायऱ्या चढताना मांड्या भरून यायला लागल्या, आणि गेल्या पावसाळ्यापासून दिवेलागणीला मला दिसेनासं झालं. दिवस कलला की जग राखाडी होतं, मग काहीच नाही. मंजुळा, माझी मुलगी, जिनाच्या फाटकापाशी येऊन उभी राहते आणि बोट धरून मला घरी आणते. एकदा तिनं विचारलं, "बा, अंधार तुमाला लवकर व्हतो का?" शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पापण्या उलटून पाहिल्या, हिरड्या दाबल्या, काय खाता विचारलं, आणि ऐकता ऐकता त्यानं हातातला टाक खाली ठेवला. "तुम्हाला काही रोग नाही," तो म्हणाला. "तुम्ही उपाशी आहात. रोज पोटभर खाऊन उपाशी. पालेभाजी खा, दूध घ्या, लिंबू खा, तेल-तूप, अंडं चालत असेल तर अंडं. एकाच गोष्टीचा डोंगर नको, सगळं थोडं थोडं. डोळे सहा महिन्यांत सुधारतील, नाही तर कायमचे जातील." मी घरी येऊन मायला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "डाक्टरनं घातलं व्हतं का पथ्य? मंग त्यो कसा सोडवील?" मला ते पटलं. याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते. पुस्तकं शिकलेला एक माणूस मला सांगत होता की तू आंधळा होशील, आणि मला मायचा कायदा पटला.

हैदर भेटला त्या दिवशी मी जिनाच्या शेठजीला सांगून लवकर निघालो, उजेड होता तोवर. बाजारात माणसं हल्ली हळू आवाजात बोलतात. ऑगस्टात तिकडं इंग्रज गेला, इथं निजामाच्या राज्यात आमचं घोडं अजून अडलेलं, आणि दर दुकानाच्या फळीवर कोण कुणाला कधी सोडणार याचीच खलबतं. मला हसू आलं. तुम्ही सुटाल रे, मी मनात म्हणालो, पण सुटल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं नाही तर? निरोप ज्याच्या हाती दिला त्यानंच तो गिळला तर? असं काहीबाही बडबडत मी चाललो होतो आणि मायला काय काय बोलायचं ते जुळवत होतो. ती नाकबूल करील, हैदरला खोटं पाडील, रडेल, छाती पिटील. प्रत्येकाला माझ्याजवळ उत्तर तयार होतं. तिची पाच लेकरं माझ्याआधी गेली होती हे ती काढील, मी झाल्याबरोबर मला उकिरड्यावर टाकून परत उचललं, म्हणून हे असलं नाव, हेही काढील. काढू दे. उकिरड्यावरून उचलून मला कुठं ठेवलंस ते सांग, असं मी म्हणणार होतो. वाक्य चांगलं जमलं होतं, मी ते दोनतीनदा घोळवलं.

ती ओसरीवर भाकरी थापत होती. मी जोडेही काढले नाहीत.

"माय, खाजा मियाचा हैदर आला व्हता जिनात."

तिचा हात थांबला नाही. "मोठा झाला असंल."

"त्यो म्हनला, तू तेलाची भाकर घेऊन आली व्हतीस."

तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि मग म्हणाली, "व्हय."

माझी सगळी तयारी एका शब्दात वाया गेली. "मंग ती गेली कुठं?"

"खाल्ली म्या."

"खाल्लीस?"

"वाटंत एका लिंबाखाली बसले अन् खाल्ली. दुपार झाली व्हती. तुझ्यासंगट म्या बी तेच आळणी खात व्हते, सारा हिवाळा. फडक्यातून तेलाचा वास येऊन राहिला व्हता."

"भूक लागली म्हनून?"

"न्हाई," ती म्हणाली. खोटं बोलायची एवढी चांगली सोय मी तिला करून दिली होती, पण तिनं ती घेतली नाही. तिनं भाकर उलटली, फुगेपर्यंत पाहत राहिली. "तुझं लगीन म्होरं ठरलेलं. पाच लेकरं गेली माझी, एकाला बी पोटभर चारलं न्हाई म्या. तू तेवढा माझ्या हातचं खानारा ऱ्हायलास. ती आली की तिच्या हातचं खानार. म्हनलं, तिचा समदा होऊ दे, पोट तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ दे. सालभर म्हनलं व्हतं. मंग सालाचं साल व्हत गेलं."

"अन् मी आंधळा होऊन राहिलो त्याचं काय?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, पश्चात्ताप नव्हता, भीतीही नव्हती. "जित्ता तर हायस," ती म्हणाली, आणि परातीतला पुढचा गोळा हातावर घेतला.

उकिरड्याचं वाक्य माझ्या तोंडात होतं ते तिथंच राहिलं. माय थापत होती ती माझी भाकर होती, आणि ती पूर्ण करणार होती, मी खावो न खावो. सहाव्या लेकराला तिनं जगवलं होतं आणि आपला हिशेब चुकला असं मानायचं कुठलंच कारण तिला दिसत नव्हतं. मी आत गेलो. मनात म्हटलं, मायचं जाऊ दे. एक माणूस आहे या घरात ज्याला हे ऐकून आनंद होईल. तो शिऱ्याचा घास परत माझ्याकडं येईल. मला वाटलं नीला रडेल, सासूला शिव्या देईल, मग हसेल, आणि मी तिला म्हणेन की उद्यापासून तुझ्या हातचं. नीला मागच्या दारी अंबाडी निवडत होती. मी सगळं सांगितलं. भडाभडा सांगितलं, हैदर, भाकर, लिंब. ती देठं मोडत राहिली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"मंजुळा झाली त्या साली आत्याबाईला हिवताप आला व्हता. तापात बडबडल्या समदं. म्याच बसले व्हते उशाला."

"अन् मला सांगितलं काहून न्हाई?"

मग तिनं जे सांगितलं ते खालच्या मानेनं, निवडलेला पाला एका बाजूला करत करत. "माझ्या बापाच्या घरी रोज ताट भिताडावर जायचं. भाकर करपली की ताट, कोरड्यास पातळ झालं की ताट. मायच्या भिवईवर वण हाय, तुमी बघितला असंल. बापाचं जेवन व्हईस्तोर आमी लेकरं भिताडाला चिकटून बसायचो, कोनी बोलायचं न्हाई. मंग हितं आले. नवरा माझ्या हातचं खातच न्हाई. पैलं साल लई रडले. मंग हळूहळू कळलं, दोन वेळचं भ्याव गेलं माझं. पोरगी अन् मी तव्यावरची गरम भाकर तोडून घेतो, तिखट झालं तर दही घेतो, हसतो. कोनी काय म्हनत न्हाई. आत्याबाईनं त्यांच्यासाठी केलं, पर मला बी ते बराबर वाटलं. खोटं काहून बोलू?"

"मी तुझ्या बापासारखा हाय का?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मला काय ठाव?" ती म्हणाली. "तुमी माझ्या हातचं खाल्लं कुठं कवा?"

मग तिनं पाला धुवायला घेतला आणि म्हणाली की उद्या जुम्मा आहे, जिन बंद आहे, उद्या दुपारी करते सगळं, डॉक्टरनं काय काय सांगितलं ते सांगून ठेवा. मी सांगितलं. पालेभाजी, दही, लिंबू, तेल, आणि वांगं माझ्या मनानं. एखाद्या कारकुनासारखं सांगितलं, आणि तिनं तसंच ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी मायनं नेहमीप्रमाणे माझं पान वाढलं, मी त्याला हात लावला नाही. तिनं ते झाकून ठेवलं. खाटेवर पडल्या पडल्या मी विचार करत राहिलो की या घरात दोन बायका होत्या आणि दोघींनाही माझ्या उपासाचा उपयोग होता. एकीला त्यातून लेक मिळाला, दुसरीला शांतता. मीच तेवढा डोळे घालवून बसलो. आणि तरीही, लाज सोडून सांगायचं तर, उद्याच्या वांग्याचा विचार आला की तोंडाला पाणी सुटत होतं.

दुपारी एकच पंगत मांडली. मी, मंजुळा, शेजारी नीलानं स्वतःचं ताट घेतलं, आणि पलीकडं माय. मला वाटलं होतं माय येणार नाही, पण ती आली, पदर खोचून बसली आणि वाढेपर्यंत वाट पाहिली. ओसरीवरची चूल त्या दिवशी पेटली नव्हती. माझ्या ताटात करडीच्या तेलातली वांगी, लसणाची अंबाडी, दही, घोळाणा, कांदा, लिंबाची फोड, ज्वारीची भाकर. इतके रंग माझ्या ताटात मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. मंजुळा हसत होती, ती सारखी म्हणत होती, "बा आपल्यात जेवनार, बा आपल्यात जेवनार." नीलाही हसली, ओठाच्या कडेनं. ते हसणं मला हवं होतं, फार हवं होतं. मी घास उचलला, आणि आतून तो आवाज आला, विष उठेल. मी त्याला म्हटलं, उठू दे. घास तोंडात गेला.

चव आली ती सगळी एकदम, गर्दीनं आली. तेल, तिखट, आंबट, लसूण, ज्यांना मी दारातून ओळखत होतो ती सगळी माणसं धक्काबुक्की करत घरात शिरली. हिरड्या चरचरल्या, नाकातून पाणी आलं, डोळे भरून आले, आणि त्या गर्दीत जिभेला एकच गोष्ट नीट कळली, म्हणून मी ती बोललो. ओरडलो नाही. कपाळाला आठी घातली की नाही, मला माहीत नाही. एवढंच म्हणालो, "मीठ लई झालंय गं."

मंजुळाचा हात ताटातच थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, आईकडं पाहिलं. तिकडं मायनं वांग्याचा घास चावला, गिळला, आणि कुणी न विचारता म्हणाली, "मीठ बराबर हाय की." खरंच बरोबर असणार. दहा-अकरा वर्षं मीठ नावाला खाल्लेल्या जिभेला काय कळतंय, हे मला कळत होतं. मी तसं म्हणालोही. म्हणालो, माझीच जीभ, बराबर हाय, चांगलं झालंय. पण तोवर नीला उठली होती. तिनं आपलं अर्धं ताट उचलून चुलीमागं सरकवलं, दह्याचं भगुणं घेतलं आणि माझ्या ताटापाशी येऊन उभी राहिली, मान खाली घालून, जेवणाऱ्या पुरुषांजवळ बायका उभ्या राहतात तशी. "दही घ्या," ती म्हणाली. मंजुळा भिंतीकडं सरकली. मी नीलाला बस म्हणालो. दोनदा म्हणालो. माझं जेवण होईपर्यंत ती उभीच होती.